ओढ्यावरून ओरडून सांगितलेली पत्रं

मुक्काम खडकवाडीचा माळ, चौसाळ्याजवळ
माघ शुद्ध षष्ठी, शके १८३२

चिरंजीव गहिनीनाथ यास जालन्याच्या कापसाच्या जिनात आजी सारजाबाईचा आशीर्वाद.

सुंदरराव वर अजून दोन ओळी घालणार होते, राजमान्य राजेश्री वगैरे. मी म्हटलं, त्याचं नाक मी पुसलंय, एवढ्यात त्याला राजेश्री करू नका. तीस वर्षं तहसिलीत अर्ज लिहून हा माणूस गावात येऊन बसला, पण हात अजून कचेरीतच आहे. मी बोलते ते गाळून, निवडून लिहितात. म्हणून पत्र वाचताना तुला मी शहाणी वाटले, तर ते सुंदररावांचं काम समज.

हे पत्र मी ओरडून सांगते आहे. मी ओढ्याच्या पल्याड, सुंदरराव अल्याड बाभळीखाली पेटी मांडीवर घेऊन बसलेत. मधे वीस हात पाणी अन् गोटे. त्यांच्या मागं निम्मं गाव ऐकत बसलंय. माळावर दुसरं काम नाही कुणाला, त्यामुळं माझं पत्र म्हणजे सगळ्यांची करमणूक झाली आहे.

पौष सरता सरता गावात उंदीर मरून पडायला लागले. दोन दिवसांत गाव उठलं अन् माळावर खोपी घालून बसलं. आपल्या मागच्या घरातली छबुबाई तेवढी मागं राहिली. तिच्या जांघेत गाठ आली होती, चालवत नव्हतं, अन् पोटचं कुणी नव्हतं. सगळे वेशीतून बाहेर पडत होते तेव्हा तुझी बायको उलटी फिरली. दोन दिवस छबुबाईच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होती. तिसऱ्या दिवशी छबुबाई गेली.

मग पाटलानं सांगितलं, सत्यभामेनं बारा दिवस ओढ्यापल्याड एकटीनं राहायचं. भाकरी ओढ्यातल्या सपाट दगडावर ठेवली जाईल. ठेवणारा माघारी वळला की हिनं जाऊन उचलायची. मी म्हटलं, मी बी छबुबाईचं तोंड पुसलंय, मला बी पल्याड धाडा. पाटील म्हणाला, "म्हातारे, तुला कुणी बघितलं न्हाई तिथं." मी म्हटलं, "तुमी समदे पळत व्हता, बघणार कोन?" म्हणून आम्ही दोघी इथं आहोत. आज दुसरा दिवस.

आता तुझं पौषातलं पत्र. गाव उठायच्या आदल्या दिवशी सुंदररावांनी ते आपल्या अंगणात वाचून दाखवलं. तू लिहिलंस, माघ सरला की तिला कड्याला माहेरी पोचती करा, परत आणू नका, मी माझं पुढचं बघतो. तुला वाटलं असेल की ते मी एकटीच ऐकेन. सत्यभामा तिथंच जोंधळे पाखडत होती. सूप थांबलं नाही. मी तिच्या हाताकडंच बघत होते, म्हणून सांगते.

तिच्या भावाला कड्याहून यायला सध्या वाट बंद आहे. बारा दिवस सरतील, वाट उघडेल, तो येईल. त्याच्या आधी तू पुन्हा एकदा लिही. तिला ठेवायची की पाठवायची. तिच्या हातून काय गुन्हा झाला असं तू धरून बसला आहेस, ते मला ठाऊक आहे. ते तसंच झालं होतं का, याचा नीट विचार कर.

अजून काही सांगायचं होतं. घसा बसला.

*

माघ शुद्ध नवमी, मुक्काम तोच

चिरंजीव गहिनीनाथ यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. येणारही नाही इतक्यात, पण वाट बघायला काय लागतं. आज पाचवा दिवस. आम्ही दोघी धड आहोत.

रोज सकाळी उजाडलं की एक काम असतं. मी तिच्या काखा चाचपते, मग ती माझ्या. गाठ आधी हाताला लागते, मग डोळ्याला दिसते, असं पाटलानं सांगितलंय. पहिल्या दिवशी ती भिंतीसारखी उभी राहिली. सात वर्षांत मी तिच्या डोक्यावर हात ठेवला असेल तो लग्नात, अन् पाया पडताना. काखेत हात घालायचा म्हणजे काय ते तूच समज. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी माझी बोटं गार होती. हात लागला अन् ती हसली. गुदगुल्या झाल्या गं, आजी, म्हणाली. हसली अन् लगेच तोंडावर पदर धरला, जसं काही चोरीच केली. गेल्या सालच्या कार्तिकापासून मी तिचा आवाज "भाकरी वाढू का" यापलीकडं ऐकला नव्हता.

सुंदरराव विचारताहेत, हे लिहायचं का. लिहा. काख सगळ्यांनाच असते.

दुसरं सांगते. घरात असताना आम्ही दोघी एकमेकींना पाठमोऱ्याच दिसायचो. मी चुलीपाशी, ती जात्यापाशी. ती पाण्याला निघाली की मी गोठ्यात. इथं जातं नाही, गोठा नाही, चूलसुद्धा नाही. तिन्ही बाजूंनी कडब्याची खोप अन् समोर ओढा. पहिल्यांदा जिवाला असं वाटलं की हात कुठं ठेवू. मग मी तिच्याकडं बघायला लागले. तिच्या उजव्या कानामागं तीळ आहे. भाकरी ती डाव्या हातानं मोडते. ओढ्यात पाय सोडून बसली की गोट्याखालचे खेकडे बाहेर येतात तोवर हलत नाही. मला म्हणाली, आजी, तुम्ही बी या, पर बोलू नका. मी अर्धी घटका न बोलता बसले. गावातल्या लोकांना खरं वाटणार नाही, पण मागं बसून ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी ते डोळ्यांनी बघितलंय. मग एक खेकडा माझ्या अंगठ्याला डसला, अन् माझं मौन तिथं सुटलं.

तू या बाईबरोबर चार दिवाळ्या एका घरात काढल्यास. तो तीळ तुला माहीत होता का, एवढं लिही.

तुझ्या त्या पत्राचं. म्हणजे सव्वा वर्षामागं तुला जे पत्र आलं, त्याचं. चूक झाली. कुणाकडून का झालेली असो, चूक झाली, अन् झालं ते झालं.

एवढं बोलले अन् सुंदररावांची लेखणी थांबली. माझ्याकडं बघत बसलेत. मी म्हटलं, "बघताय काय, ल्ह्या." ते म्हणाले, "काय ल्हू, सारजाबाई? कुणाकडून का झाली असंना, हेच ल्हू?" मी म्हटलं, हेच लिहा.

माझ्यामागं सत्यभामा खोपीच्या दाराशी बसली आहे. तिनं सगळं ऐकलं.

*

माघ शुद्ध एकादशी, मुक्काम तोच

गहिनीनाथ,

आज वरचे आशीर्वाद राहू देत.

सत्यभामेला पहाटेपासून ताप आहे. दात वाजताहेत. दोन्ही गोधड्या तिच्यावर घातल्या, वर मी माझं लुगड्याचं धडपं टाकलं. काखा बघितल्या, जांघा बघितल्या. गाठ नाही. पण छबुबाईलाही आधी तापच आला होता. तू ये किंवा येऊ नको, हे मी सांगणार नाही. ये म्हटलं तर तुझ्या जिवाशी खेळ, येऊ नको म्हटलं तर तिच्या.

हे पत्र टपालानं जाणार नाही. उत्तरेश्वरच्या कापसाच्या गाड्या आज दुपारी जालन्याला निघताहेत. अल्याडच लिहिलेला कागद आहे, त्याला आमचा हात लागलेला नाही. तोच तुझ्या हातात देईल. तोच उत्तरेश्वर, ज्यानं ते कार्तिकातलं पत्रही तुला आणून दिलं होतं.

आता ऐक. गावानंही ऐकलं तरी चालेल.

बाळ झालं त्याच्या पाचव्या दिवशी मी सुंदररावांकडून आनंदाचं पत्र लिहून आणलं. बाराव्या दिवशी बारसं, ये, असं त्यात होतं. गाड्या निघायला अवकाश होता म्हणून ते कोनाड्यात ठेवलं. सहाव्या दिवशी सकाळी बाळ गेलं. माणसं पुरून आली. मी सुंदररावांकडं गेले, त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. म्हणाले, "घरी गेल्याबरोबर आधीचं चुलीत घाल, अन् ह्याचा कोपरा फाड." दुःखाच्या पत्राचा कोपरा घरच्या माणसानं फाडायचा, म्हणजे घेणाऱ्याला उघडायच्या आधीच कळतं अन् तो बसून वाचतो, हे तुला सांगायला नको.

ते पत्रही मी कोनाड्यातच ठेवलं अन् अंघोळीला गेले. परत आले तर दोन कागद. सारखीच घडी, सारखाच रंग. मला आनंद अन् दुःख यांतलं एकही अक्षर ओळखता येत नाही. सुंदररावांचं घर शंभर पावलांवर. जाऊन विचारायचं होतं. गेले नाही. मी त्यांना कायम म्हणायची, मला कागद वासानंच कळतो. अन् तेवढ्यात उत्तरेश्वर बाहेरून हाका मारायला लागला. मी एक कागद हुंगला, खरंच हुंगला, अन् चुलीत घातला. दुसरा हातात धरला. त्याचा कोपरा फाडायचा होता. माझ्यानं फाडवेना. मला वाटलं, कोपरा फाडला की बाळ खरंच गेलं. मी कागद तसाच कोनाड्यात ठेवला अन् भिंतीशी बसले.

उत्तरेश्वरनं पुन्हा हाक दिली. तेव्हा बाजेवरून उठून, भिंत धरत धरत जाऊन, तुझ्या बायकोनं तो कागद त्याच्या हातात दिला.

तुला आनंदाचं पत्र मिळालं. तू जिनात सगळ्यांना पेढे वाटलेस. झबलं घेऊन, वाळे घेऊन बाराव्या दिवशी दारात उभा राहिलास, अन् आत सुतक. तू विचारलंस, मला पत्र कुणी धाडलं. मी म्हणाले, उत्तरेश्वरच्या हातात सत्यभामेनं दिलं.

ते खरं होतं. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, कधीतरी उघडं पडलं असतं. खरं बोलून मी तिला तुझ्यापुढं उभी केली अन् स्वतः मागं सरले. तुला वाटलं, तू बाळाला बघायला आला नाहीस म्हणून तिनं तुझ्यावर डूख धरला अन् मुद्दाम तसलं पत्र धाडलं. तू पाणीही न पिता फिरलास. ती काही बोलली नाही. मला वाटलं, तिलाही ठाऊक नाही, वाचता तर तिलाही येत नाही.

आत्ता हे सांगताना मी वळून बघितलं. गोधडीतून तिनं तोंड बाहेर काढलं होतं. म्हणाली, "मला ठावं व्हतं, आजी. तुमी कागुद हुंगला तवाच." मी म्हटलं, "मग बोलली कावून न्हाईस?" तर म्हणाली, "तुमाला कोन हाय दुसरं? त्यांचं मन तुमच्यावरून उडालं असतं तर?"

सुंदररावांनी हे लिहिलं की नाही मला इथून दिसत नाही. त्यांनी डोळ्याला उपरणं लावलंय. लिहा, सुंदरराव. गाड्या निघतील.

अजून एक राहिलं. मी छबुबाईच्या उंबऱ्यातही गेले नव्हते. पाटलाला सांगितलं ते खोटं. मी हिच्याबरोबर आले ती हे सगळं सांगायला आले होते. सात दिवस समोरासमोर बसून तोंडातून निघालं नाही. आता तिला ताप आल्यावर निघतंय. आपल्या लोकांना उशिरा सुचतं असं म्हणून मी सुटणार नाही.

*

माघ वद्य तृतीया, खडकवाडीचा ओढा

आजी सांगते तसं लिहितो आहे. लेखणी सुंदररावांची, हात माझा.

ल्ही, गहिन्या. मी बोलते तसंच ल्ही, सुंदररावावानी चाळून घिऊ नको.

सकाळपासून तू त्या बाभळीखाली हुबा हायस. जालन्यापासून दोन दिसांत आलास, पायांची काय गत झाली ती मला हितून दिसती. आल्या आल्या मला हात जोडले, खाली बघितलंस, अन् तवापासून खालीच बघतुयास. ही बी खोपीच्या तोंडाशी गुडघ्यात डोकं घालून बसली हाय. कुणी तोंड उघडंना. म्हून मी सुंदररावाला म्हटलं, तुमी बाजूला व्हा, लेखणी त्याच्या हातात द्या, मला पत्र सांगायचंय. ते बी चट उठले. लई दिवसांनी माझं ऐकलं त्यांनी.

आधी ताप. ताप परवा उतरला. गाठ आली न्हाई. हिवताप हुता, पर पाटलानं ताप आला त्या दिसापासून पुन्हा बारा दिस मोजायला घेतलेत. अजून चार हायती. तेवढ्यात काय बी हुईल, म्हून आता उशीर करायचा न्हाई.

ल्हितोस ना? मान हलिव. बरं.

पौषात तू काय ल्हिलं हुतंस, ते ह्या समद्या लोकांच्या म्होरं वाचलं गेलं. आता त्याचं उत्तर तुझ्याच हातानं ल्ही. मी काय सांगत न्हाई, तुझं तू ल्ही. मी थांबते.

सत्यभामा कुठं जाणार नाही. तिचा काही दोष नव्हता. मी विचारलं नाही, चुकलो.

ल्हिलंस? मला वाचता येत न्हाई बाबा. काय ल्हिलं त्ये मोठ्यानं वाच. असं पुटपुटू नको, मधी पाणी हाय. मोठ्यानं.

आता कसं. आता ऐकू आलं समद्यांना.

थांब, ही काय तरी म्हणती. ल्ही. म्हणती, "त्यास्नी म्हणावं, जाणार न्हाई ह्ये त्यांनी ठरीवलं. मला इचारलंच न्हाई."

हसू नका रं अल्याडचे, बरूबर बोलली ती. गहिन्या, ह्ये जसंच्या तसं ल्ही. पौषात बी तिला इचारलं न्हाई, आता बी न्हाई. इचार तिला.

मला कशाला सांगतुयास, आजी तिला इचार म्हून? मी आता मधी पडणार न्हाई. एकदा पडले त्येचं काय झालं ते उत्तरेश्वरनं आणून दिलं तुला. तुझ्या तोंडानं इचार. ऐकू जातंय तिला, वीस हातच हाय.

बरं, मग म्होरलं ल्ही. ती उठली. पदर खोचला. अशक्त झालीय, सावकाश चालतीया. मला हात धरू देईना. पाण्याच्या कडंला आली. सपाट दगडापाशी हुबी हाय, त्येच्या म्होरं यायची पाटलाची मनाई हाय, म्हून तिथंच. तुझ्याकडं बघतीया. रागानं बघती का कसं, त्ये मला मागून दिसत न्हाई. त्ये तुलाच दिसंल, पर तू कागदात डोकं घातलंयस.

गहिन्या, अजून ल्हीतच बसलास? ठेव ती